जर्नलमध्ये टी ०.०४८६ आणि निष्कर्ष उलटा: दरवर्षी येणारी एक चूक आणि तिचा उपाय

प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधी जर्नलांचा गठ्ठा घरी आला की त्यात एक पान हमखास असतं. दोन गटांच्या सरासरी बरोबर, प्रमाण विचलन बरोबर, स्तंभालेख पेन्सिलीनं नीट काढलेला, खाली रंगसुद्धा भरलेला. आणि शेवटी हे:

‘टी = ०.०४८६. सारणीतील मूल्य २.१४५. मिळालेले मूल्य सारणीतील मूल्यापेक्षा कमी असल्याने शून्य परिकल्पना स्वीकारण्यात आली. दोन गटांत सार्थक फरक नाही.’

टी म्हणजे दोन सरासरींतला फरक त्याच्या प्रमाण त्रुटीच्या किती पट आहे तो आकडा, आणि शून्य परिकल्पना म्हणजे ‘दोन गटांत फरक नाही’ हे गृहीत. इथं फरक आहे. उत्तर अगदी उलटं लिहिलंय. गंमत म्हणजे त्याच पानावर वरच्या ओळीत एका गटाची सरासरी १३ आणि दुसऱ्याची ११ स्वच्छ अक्षरात दिसत असते.

मी कोल्हापुरात पदवीच्या वर्गांना मानसशास्त्र आणि त्याच्यासोबत येणारं संख्याशास्त्र शिकवते. बहुतेक मुलांचा गणिताशी शेवटचा संबंध दहावीत आलेला. त्यामुळे पहिली काही वर्षं मी या पानाकडे ‘पोरांचं गणित कच्चं’ म्हणून बघितलं. ते निदान चुकीचं होतं आणि त्या चुकीच्या निदानावर मी जे उपाय केले त्यांनी दुखणं वाढलंच. तुमच्याही वर्गात हे पान येत असेल, तर माझी दोन-तीन वर्षं वाया गेली तशी तुमची जाऊ नयेत म्हणून सगळं क्रमानं लिहिते.

आधी फसलेले उपाय

पहिला उपाय घोकंपट्टीचा. ‘मिळालेलं मोठं, तर नाकारा. मिळालेलं लहान, तर ठेवा.’ महिनाभर वर्गात हे म्हणवून घेतलं. जर्नलं आली, तर वरचं वाक्य जसंच्या तसं, उलट अधिक आत्मविश्वासानं लिहिलेलं. मुलांनी नियम तंतोतंत पाळला होता. ०.०४८६ हे २.१४५ पेक्षा लहान आहेच. नियमात मी एवढंच सांगितलं नव्हतं की मिळालेलं म्हणजे काय मिळालेलं.

दुसऱ्या वर्षी फळ्याच्या कोपऱ्यात चौकट करून लिहिलं: ‘पी ०.०५ पेक्षा कमी, तर नाकारा.’ (पी म्हणजे खरा फरक नसतानाही नुसत्या योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची संभाव्यता.) ती चौकट सत्रभर पुसू दिली नाही. आता मुलांकडे दोन नियम झाले, एकात मोठं आलं की नाकारायचं आणि दुसऱ्यात लहान आलं की नाकारायचं. परीक्षेच्या ताणात दोन्हींची मिसळ होते. कुणी २.१६ ची तुलना ०.०५ शी करून ‘जास्त आहे, स्वीकार’ असं लिहिलं, कुणी ०.०४८६ ची २.१४५ शी. आधी एका प्रकारची चूक होती, माझ्या चौकटीनं तिचे दोन प्रकार केले.

तिसरा उपाय रागाच्या भरातला. कॉम्प्युटर बंद, मोबाईल बंद, सगळं कॅल्क्युलेटरवर आणि हातानं. हा चालला! निष्कर्ष बरोबर यायला लागले. मी खूश. पुढच्या वर्षी हीच मुलं प्रकल्पाला बसली, साठ-साठ जणांच्या प्रश्नावल्या भरून आणल्या, तेवढं हातानं कोण करणार? परत एक्सेल, परत ते पान. मी आजार बरा केला नव्हता, फक्त पेशंटला वर्षभर घरात कोंडून ठेवलं होतं.

चूक सापडली ती अशी

एका मुलीला मी शेजारी बसवलं आणि म्हटलं, माझ्यासमोर कर, मी मध्ये बोलणार नाही. तिनं मोबाईलवर शीट उघडली. दोन रकान्यांत गुण भरले. टी.टेस्ट हे सूत्र निवडलं, पहिला रकाना, दुसरा रकाना, शेपटं दोन (म्हणजे फरक कुठल्याही बाजूला चालेल), प्रकार दोन (म्हणजे दोन स्वतंत्र गट), एंटर. ०.०४८६ आलं. तिनं ते वहीत ‘टी =’ पुढे लिहिलं.

‘हे टी कशावरून?’

‘मॅडम, सूत्राचं नावच टी टेस्ट हाय की. मग टीच येणार न्हवं?’

तिचं काय चुकलं सांगा. सरासरीच्या सूत्रातून सरासरी मिळते, बेरजेच्या सूत्रातून बेरीज मिळते, मग टी.टेस्टमधून टी मिळणार असं कुणालाही वाटेल. पण एक्सेलमधलं हे सूत्र टी देत नाही, सरळ पी देतं. गूगल शीट्समध्येही तसंच. टी कुठंच दिसत नाही, आतल्या आत काढला जातो आणि त्याच्याशी जोडलेली संभाव्यता तेवढी बाहेर येते. नाव चाचणीचं आहे, उत्तर पीचं आहे. मुलं ती पी घेऊन टीच्या सारणीत जातात आणि तिथून पुढचं सगळं तर्कशुद्ध आणि साफ चूक.

त्या संध्याकाळी जुनी जर्नलं काढून बघितली. उलट्या निष्कर्षाच्या जवळजवळ प्रत्येक पानावर टी एकापेक्षा कमी होता. इतक्या मुलांच्या इतक्या प्रयोगांत सगळ्यांचाच टी एकच्या आत कसा येईल, हा प्रश्न मला तीन वर्षं पडला नव्हता. तुमच्याकडचा गठ्ठा तपासायचा असेल तर एवढं एकच बघा. शून्य आणि एकच्या मधला ‘टी’ दिसला, आणि सरासरींत चांगला डोळ्यात भरणारा फरक असला, तर ती बहुधा पी आहे.

दोन उलटे नियम आले कुठून

मुलांना हे सांगितल्यावर दुसरा प्रश्न लगेच येतो: मग मुळात एकात मोठं आणि एकात लहान असा घोळ घातलाच कुणी? इथं थोडा इतिहास सांगावा लागतो आणि तो सांगायला मला आवडतो.

डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेटनं १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावानं एक निबंध छापला. लहान नमुन्यावरून निष्कर्ष काढताना किती चूक होऊ शकते हा त्याचा विषय. आपण ज्याला स्टुडंट्स टी म्हणतो तो हाच. (ही चाचणी विद्यार्थ्यांवर घेतात म्हणून तिचं नाव स्टुडंट, असं उत्तर तोंडी परीक्षेत मला दर वर्षी मिळतं. अर्धा गुण द्यावासा वाटतो.) पुढे रोनाल्ड फिशरनं १९२५ च्या आपल्या पुस्तकात पाच टक्क्यांची मर्यादा सोयीची म्हणून धरली आणि सारण्या दिल्या. त्या काळी प्रत्येक टीसाठी नेमकी पी हातानं काढणं म्हणजे दिवस घालवणं. म्हणून मोजक्या पी निवडून, ०.०५, ०.०१ अशा, त्यांच्यासाठी टी किती लागतो तेवढंच छापायचं. सारणीत टी आहे तो कागद आणि वेळ वाचवायला. आता यंत्र क्षणात नेमकी पी देतं, तर सारणीची गरज उरत नाही. पण अभ्यासक्रमात सारणी आहे, प्रश्नपत्रिकेत सारणी आहे, आणि हातात मोबाईल आहे. दोन काळांतल्या दोन पद्धती एकाच पानावर एकमेकींना भिडतात.

इतिहासानं मुलांना बरं वाटतं. चूक मात्र जात नाही. ती गेली घाटावर.

पाणी आणि कोरड्या पायऱ्या

जुलै लागला की आमच्या वर्गातल्या प्रत्येक मोबाईलवर एकच संदेश फिरत असतो: राजाराम बंधारा पाणी पातळी इतके फूट इतके इंच, इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, इतके बंधारे पाण्याखाली. २०१९ आणि २०२१ चे महापूर या मुलांनी शाळेत असताना बघितलेत, काहींच्या घरात पाणी होतं. हे आकडे त्यांना समजावून सांगावे लागत नाहीत.

मी फळ्यावर पंचगंगा घाट काढते. खाली नदी, वर जाणाऱ्या पायऱ्या. पाणी किती वाढलंय हे दोन प्रकारे सांगता येतं. एक, खालून मोजायचं: पाणी किती फुटांवर आलं. दोन, वरून मोजायचं: कोरड्या पायऱ्या किती उरल्या. पाणी चढलं की पहिला आकडा वाढतो आणि दुसरा घटतो. नदी एकच.

टी म्हणजे चढलेलं पाणी. पी म्हणजे उरलेल्या कोरड्या पायऱ्या.

एवढंच वाक्य. ते लिहून मी थोडा वेळ गप्प बसते. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतंच, ‘म्हणजे मॅडम, आम्ही पायऱ्या मोजल्या आणि फुटाच्या पट्टीला लावल्या.’ हो रे बाबा, अगदी तेच. ‘पाच पायऱ्या कोरड्या आहेत, ४३ पेक्षा पाच कमी, म्हणून पूर नाही’ असं म्हणून झोपी गेलास आणि पाणी उंबऱ्याला लागलं.

घंटेच्या आकाराचा वक्र नंतर काढायचा, आधी नाही. आडव्या रेषेवर टी उजवीकडे सरकत जातो तसं त्याच्या पलीकडचं शेपटाचं क्षेत्रफळ आकसत जातं. ते क्षेत्रफळ म्हणजे पी. घाट डोक्यात असला की हे चित्र आपोआप बसतं, नाही तर मुलं वक्र नुसता उतरवून घेतात.

घाटाच्या चित्राचा मला न सुचलेला एक फायदा नंतर लक्षात आला. सारणीत स्वाधीनता मात्रेप्रमाणे (डिग्रीज ऑफ फ्रीडम, दोन स्वतंत्र गटांत एकूण मुलं वजा दोन) टीचं मूल्य का बदलतं, हे समजावताना माझी नेहमी तारांबळ व्हायची. आता विचारते, सांगलीला धोका पातळी किती? तिथल्या आयर्विन पुलाजवळ इशारा ४० फूट आणि धोका ४५. राजाराम बंधाऱ्याला ३९ आणि ४३. दोन्हीकडे ‘धोका’ तोच, पण आकडा जागेप्रमाणे वेगळा. स्वाधीनता मात्रा म्हणजे तुम्ही कुठल्या पुलावर उभे आहात ते. १४ मात्रेच्या पुलावर ०.०५ ची खूण २.१४५ वर आहे, २८ च्या पुलावर २.०४८ वर, ६० च्या पुलावर २.००० वर. म्हणून टी घेऊन निघालात तर सारणीत आधी आपला पूल शोधावाच लागतो. पी घेऊन निघालात तर पुलाचा हिशोब तिच्यात आधीच झालेला असतो, सगळीकडे ०.०५ च.

०.०५ ला इशारा पातळी आणि ०.०१ ला धोका पातळी म्हणायचं हेही मुलांनीच ठरवलं. ‘०.०५ पातळीवर सार्थक, ०.०१ पातळीवर असार्थक’ हे जर्नलमधलं ठरीव वाक्य ती पूर्वी अर्थ न कळता लिहायची. आता म्हणतात, इशारा ओलांडला, धोका नाही.

यंत्राला हात लावण्याआधी

घाटानं गोंधळ गेला, पण चूक पकडण्याची सवय लागायला आणखी एक गोष्ट करावी लागली. कॉम्प्युटर उघडण्याआधी अंदाज वहीत लिहायचा. नंतर नाही, आधी.

वर्गात वापरायला मी रचलेले आकडे देते. अर्थपूर्ण शब्दांची यादी एका गटाला, निरर्थक अक्षरगटांची दुसऱ्याला, प्रत्येकी आठ मुलं, किती आठवले ते लिहिलं:

पहिला गट: १२, १४, ११, १५, १३, १६, १२, ११
दुसरा गट: १०, १२, ९, १३, ११, १२, ८, १३

सरासरी १३ आणि ११. सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज दोन्हीकडे २४. एकत्रित प्रचरण (व्हेरियन्स) ४८ भागिले १४, म्हणजे सुमारे ३.४३. फरकाची प्रमाण त्रुटी ०.९२६. टी म्हणजे सरासरींतला फरक भागिले ही त्रुटी, २ भागिले ०.९२६, सुमारे २.१६.

आता कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून विचारायचं: वर दोन, खाली एकाहून थोडं कमी, तर उत्तर दोनच्या वर असणार की खाली? हे दहावीच्या मुलालाही येतं. मग यंत्र ०.०४८६ दाखवतं तेव्हा त्यांना आपोआप ठेच लागते: हे टी असणं शक्यच नाही. टी खरंच ०.०४८६ असता तर दोन गटांच्या सरासरींत शब्दाचा विसावा भागसुद्धा फरक नसता. माझ्या मते सगळ्या उपायांत हा एक सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ. घाटाचं चित्र विसरतात, ठेच विसरत नाहीत.

टी आणि पी दोन्ही हवे असतील तर एक्सेलमधली डेटा ॲनालिसिस नावाची जोड वापरा. तिथं टी स्टॅट वेगळा, पी वेगळी, आणि सारणीतलं मूल्य टी क्रिटिकल म्हणून वेगळं असं तिन्ही छापून येतं. मोबाईलवर काम असेल तर टी हातानं काढा, पी सूत्रानं काढा, दोन्ही लिहा. आमच्या जर्नलमध्ये मी आता ‘टी =’ आणि ‘पी =’ अशा दोन रिकाम्या जागा छापूनच देते. एकच भरली तर पान परत.

शून्य, स्वीकार, सार्थक

आता जे सांगणार आहे त्याला आकड्यांचा संबंध नाही, आणि आकड्यांची चूक सुटल्यावर उरलेले उलटे निष्कर्ष बहुतेक इथूनच येतात.

शून्य परिकल्पना सांगते, फरक नाही. ती नाकारली, म्हणजे ‘फरक नाही’ हे नाही. मराठीत आपण असं नाही-ला-नाही बोलतच नाही. मुलं घाईत एक ‘नाही’ गाळतात आणि निष्कर्ष फिरतो. त्यात ‘नाकारली’ हा शब्द त्यांना नापास झाल्यासारखा लागतो. एका मुलानं मला डोळ्यात पाणी आणून विचारलं होतं, मॅडम, माझं नाकारलं गेलं, प्रयोग परत करू का? त्याचा प्रयोग वर्गात सगळ्यांत चांगला झाला होता.

उलट ‘स्वीकारली’ हा शब्द जास्त धोक्याचा. टी खाली राहिला म्हणजे फरक नाही हे सिद्ध झालं असं काही नसतं, तो आहे असं दाखवण्याइतका पुरावा मिळाला नाही, एवढंच. त्याला मराठी वर्तमानपत्रात आयता शब्दप्रयोग आहे: पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झाल्यावर तर कोर्टाची भाषा रोजच कानावर पडते. सुटला म्हणजे त्यानं केलंच नाही असं आपण कुणी समजत नाही. मग परिकल्पनेलाच का वेगळा न्याय? मी जर्नलमध्ये ‘शून्य परिकल्पना नाकारता आली नाही’ असं लिहून घेते. बाहेरून येणारे काही परीक्षक ते खोडून ‘स्वीकारली’ करतात. गुण कापत नाहीत, म्हणून मी भांडत नाही. मुलांना मात्र दोन्ही वाक्यं माहीत असू द्या.

आणि सार्थक. घरात हा शब्द ‘जन्माचं सार्थक झालं’ असा येतो. त्यामुळे सार्थक फरक म्हणजे मोठा, महत्त्वाचा, मोलाचा फरक असं वाटणारच. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच की इतका फरक नुसत्या योगायोगानं पडणं दुर्मीळ. नमुना मोठा घेतला की चिमूटभर फरकही सार्थक ठरतो. फरक किती मोठा हे वेगळं सांगावं लागतं. आमच्या उदाहरणात २ भागिले एकत्रित प्रमाण विचलन १.८५, म्हणजे सुमारे १.०८, फरकाचा आकार सांगणाऱ्या कोहेनच्या मोजपट्टीवर मोठा. पदवीच्या पहिल्या सत्रात मी यापुढे जात नाही.

‘योगायोगानं’ म्हणजे काय, हे तोंडानं सांगून पटत नाही. त्यासाठी चिठ्ठ्यांचा डाव आहे. वरचे सोळा गुण सोळा चिठ्ठ्यांवर लिहायचे, डब्यात घालून हलवायचे, आठ इकडे, आठ तिकडे. आता गट नावापुरते, शब्दांशी काही संबंध नाही. सरासरींतला फरक लिहायचा. परत डब्यात. प्रत्येकानं पाच वेळा केलं तर तासाभरात दीडदोनशे डाव होतात. फरक दोन किंवा जास्त, कुठल्याही बाजूला, शंभरात साधारण पाच ते दहा वेळा पडतो. सूत्राच्या ०.०४८६ शी हे तंतोतंत जुळत नाही, कारण चिठ्ठ्यांवर पूर्णांक आहेत आणि फरक पायरीपायरीनं बदलतो. पण पी म्हणजे नेमकं काय मोजतोय हे हाताला कळतं. सोळातून आठ निवडण्याचे १२,८७० प्रकार आहेत हे सांगितलं की दोन-चार उत्साही मुलं सगळे करून बघायच्या गोष्टी करतात. एकानं खरंच सुरू केलं होतं. त्याला थांबवावं लागलं.

तरीही निष्कर्ष उलटा आला तर

पीची भानगड नसताना निष्कर्ष उलटा असेल, तर आधी उणे चिन्ह बघा. दुसरा गट पहिल्या रकान्यात भरला की टी उणे २.१६ येतो. मुलं म्हणतात, उणे आहे, २.१४५ पेक्षा लहानच की. दोन शेपटांच्या चाचणीत चिन्ह सोडून द्यायचं. ते फक्त कुठला गट आधी लिहिला ते सांगतं.

मग शेपटं. डेटा ॲनालिसिसच्या तक्त्यात एका शेपटाची पी आधी आणि दोन शेपटांची नंतर छापलेली असते. मुलं वरची घेतात, आमच्या उदाहरणात ०.०२४३, आणि पूर्वी फक्त ‘फरक असेल’ एवढीच परिकल्पना लिहिलेली असते. तिथं दोन शेपटांचीच घ्यायची.

प्रकार हा आकडा बहुतेक जण अंदाजानं भरतात. एक म्हणजे जोडीची चाचणी, दोन म्हणजे समान प्रचरणाचे दोन स्वतंत्र गट, तीन म्हणजे असमान प्रचरणाचे. आपल्याकडच्या पुष्कळ प्रात्यक्षिकांत, म्युलर-लायर भ्रम घ्या (सारख्या लांबीच्या रेषा टोकांच्या बाणांमुळे लहानमोठ्या दिसतात तो), त्याच मुलावर दोन्ही परिस्थितींत मोजमाप होतं, तिथं एक हवा. फरक किती पडतो बघा: वरचेच आकडे एकाच आठ मुलांचे असते, त्याच क्रमानं, तर टी २.१६ ऐवजी ३.०६ आणि स्वाधीनता मात्रा १४ ऐवजी ७, सारणी मूल्य २.३६५.

पी फार लहान असली की पडद्यावर ‘३.२ई-०५’ असं काहीतरी येतं. ते ०.००००३२ आहे. मुलं शेपूट गाळून ३.२ लिहितात, टी समजून २.१४५ शी ताडतात, मोठं आलं म्हणून नाकारतात, आणि निष्कर्ष बरोबर निघतो! चुकीच्या रस्त्यानं बरोबर गावाला. ही पानं सर्वांत उशिरा सापडतात, कारण खालचं वाक्य बरोबर असल्यानं आपण वर बघतच नाही. तसंच काही पॅकेजांत पी ०.००० छापली जाते. ती शून्य नसते, तीन स्थळांपर्यंत दाखवल्यानं तशी दिसते. तिथं ‘०.००१ पेक्षा कमी’ लिहायचं.

एक प्रश्न मात्र मला अजून नीट सोडवता आलेला नाही. या वर्षी तोच उदाहरणसंच सोडवून झाल्यावर एका मुलीनं विचारलं, ‘मॅडम, शेवटच्या पोराला एक शब्द जादा आठवला असता तर?’ करून बघ म्हटलं. तिनं दुसऱ्या गटातल्या शेवटच्या तेराचे चौदा केले. टी १.९३, पी ०.०७४. इशारा पातळीच्या खाली. सोळा जणांत एकाला एक शब्द जास्त आठवला आणि आख्खा निष्कर्ष फिरला.

‘म्हणजे ३८ फूट ११ इंचाला काहीच नाही आणि ३९ ला इशारा?’

मी दोन्ही उत्तरं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली. जर्नलमध्ये सार्थक किंवा असार्थक लिहाच, ते विचारलंय, पण शेजारी टी, पी आणि दोन्ही सरासरी लिहिल्याशिवाय सही करणार नाही, असं सांगितलं. तिनं वहीत दोन्ही पानं ठेवली आहेत, तेरावालं आणि चौदावालं.